वडिलांच्या रकान्यात दोनच ओळी

प्रति,
मुले आणि कुटुंबे यांच्याविषयीचे अर्ज, नोंदवह्या, प्रश्नावल्या आणि सर्वेक्षणे तयार करणारे सर्व संबंधित

विषय : वडिलांच्या रकान्यात व्यवसाय आणि उत्पन्न यांपलीकडचे प्रश्न विचारण्याबाबत

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात धाकट्या मुलीच्या शाळाप्रवेशाचा अर्ज भरायला घेतला. आईच्या नावाखाली अकरा प्रश्न होते. दूरध्वनी क्रमांक, पर्यायी क्रमांक, मूल आजारी पडल्यास न्यायला कोण येईल, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, घरी अभ्यास कोण घेते, मूल रात्री किती वेळ झोपते, अशी ती यादी होती. वडिलांच्या नावाखाली दोन ओळी होत्या : पहिली व्यवसाय, दुसरी वार्षिक उत्पन्न. मुलीला कोणत्या औषधाने अंगावर पुरळ उठते हे मला पाठ आहे, कारण त्या रात्री तिला मांडीवर घेऊन मीच बसलो होतो. पण ते लिहायला माझ्या बाजूला जागाच नव्हती. शेवटी मी ते आईच्या रकान्यात लिहिले, आणि लिहिताना आपण दुसऱ्याच्या नावाने सही करत आहोत असे वाटले.

हे पत्र त्या शाळेची तक्रार करण्यासाठी लिहिलेले नाही, कारण तो अर्ज कुठल्यातरी जुन्या नमुन्यावरून उतरवलेला असणार आणि तो जुना नमुना त्याहून जुन्या नमुन्यावरून. म्हणूनच मी थेट आपल्याला लिहीत आहे. कायदा घरात पोहोचायला वर्षे लागतात. अर्ज मात्र मूल जन्मल्याच्या दिवशी पोहोचतो आणि त्यानंतर लसीकरण, पाळणाघर, शाळा, दवाखाना, शिष्यवृत्ती अशा प्रत्येक टप्प्यावर पुन्हा पुन्हा येत राहतो. या घरात कोण काय करते, याचे एक चित्र तो अर्ज आधीच काढून ठेवतो आणि मग आपण सगळे त्या चित्रातल्या रेघांमधून आपापली नावे भरतो.

माझे वडील रात्रपाळीत काम करत. पहाटे घरी आल्यावर, झोपण्याआधी, ते आम्हा भावंडांच्या दप्तरांतून पेन्सिली काढत, पातीने त्यांना टोक करत आणि जागच्या जागी ठेवून देत. आम्ही उठायचो तेव्हा ते झोपलेले असत, आणि संध्याकाळी थोडा वेळ समोरासमोर आलो तरी त्यांचे लक्ष घड्याळाकडे असे. आठवड्यातले सहा दिवस आमची त्यांच्याशी खरी गाठ पडायची ती त्या पेन्सिलींमधूनच. त्यांनी केलेले टोक लांब आणि किंचित चौकोनी असायचे; वर्गात कुणाच्याही पेन्सिलीला तसे टोक नसे. त्यांच्या रकान्यात त्या काळी काय लिहिले गेले असेल? व्यवसाय आणि उत्पन्न. तेही चुकीचे नव्हते, कारण त्या उत्पन्नावरच तर पेन्सिली येत होत्या. पण याच वडिलांना मी कोणत्या तुकडीत आहे हे कधी सांगता आले नाही, शाळेच्या फाटकातून ते कधी आत आले नाहीत, आणि आई दोन आठवडे अंथरुणाला खिळली होती तेव्हा घर शेजारच्या बाईंनी सांभाळले. पेन्सिलीही खऱ्या आणि हेही खरे. चांगल्या प्रश्नावलीत दोन्ही दिसले असते. आपल्या प्रश्नावलीत दोन्हींपैकी काहीच दिसत नाही.

पैशाबद्दल आधीच स्पष्ट बोलतो, कारण ‘वडील म्हणजे कमावता माणूस’ या चौकटीवर टीका करताना कमावण्यालाच कमी लेखण्याची एक चाल अलीकडे पडली आहे आणि ती मला मान्य नाही. रोज नकोशा वाटणाऱ्या कामावर जाणे, अपमान गिळणे, दूरच्या गावी एकट्याने राहून पैसे पाठवणे, ही मुलांची काळजी घेण्याचीच एक रीत आहे. फक्त आपला रकाना त्या काळजीचा आकडा विचारतो आणि पुढे जातो. त्यामुळे ज्याची नोकरी गेली तो बाप कागदावर शून्य होतो, मग घरी राहून त्याने मुलाला वाचायला शिकवले असले तरी. उलट बाजूने, दरमहा ठरलेली रक्कम पोहोचवणारा, पण मुलाच्या आवाजातला बदल वर्षभर न ऐकलेला बापही त्याच रकान्यात पूर्ण गुण मिळवतो. ज्या आईच्या पगारावर घर चालते तिच्या बाजूला तर उत्पन्नाची ओळच नसते, हेही जाता जाता नोंदवतो.

संशोधकांनीही बराच काळ हेच केले. बालविकासाच्या अभ्यासात आई आणि मूल यांच्याकडेच पाहिले जाई, आणि वडिलांविषयी काही जाणून घ्यायचेच झाले तर तेही आईलाच विचारले जाई. १९७५ साली मायकेल लॅम्ब या मानसशास्त्रज्ञाने वडिलांना बालविकासातले ‘विसरले गेलेले’ भागीदार म्हटले, आणि पुढच्या दशकात त्याने जोसेफ प्लेक व इतर सहकाऱ्यांबरोबर वडिलांच्या सहभागाची तीन अंगे मांडली. पहिले अंग म्हणजे मुलाबरोबर प्रत्यक्ष घालवलेला वेळ : भरवणे, खेळणे, अभ्यास घेणे. दुसरे म्हणजे उपलब्धता : बाप दुसरे काम करत असेल, पण हाक मारली तर ऐकू येईल इतक्या अंतरावर असेल. तिसरे म्हणजे जबाबदारी : मुलाला काय लागणार आहे हे आधी ओळखून त्याची तजवीज होईल असे पाहणे, मग ते काम स्वतः करो वा दुसऱ्याकडून करवून घेवो.

या तिघांतले पहिले अंग मोजायला सोपे असल्यामुळे सगळी मोजमापे त्याच्याभोवती फिरतात. अमेरिकेतल्या वेळनोंदींवरून असे दिसते की १९६५ साली वडील मुलांच्या देखभालीत आठवड्याला सरासरी अडीच तास घालवत आणि २०१६ साली सुमारे आठ तास. वाढ खरी आहे, मोठीही आहे. (आयांचे तासही याच काळात दहावरून चौदावर गेले, हे मात्र बातम्यांच्या मथळ्यांत सहसा येत नाही.) पण या आठ तासांत, मूल शेजारच्या खोलीत निर्धास्त झोपले आहे कारण बाप घरात आहे, हा वेळ कुठे बसतो? परीक्षेच्या आदल्या रात्री काहीही न बोलता मुलाच्या टेबलापाशी स्वतःचे काम घेऊन बसलेला बाप त्या तासांत मोजला जातो की नाही, हे उत्तर देणाऱ्याला प्रश्न कसा समजला यावर ठरते.

तिसऱ्या अंगावर मला अधिक थांबायचे आहे, कारण खरी दुखरी नस तिथे आहे. मुलाला लस टोचायला घेऊन जाणे हे एका सकाळचे काम. ती लस कधी द्यायची आहे हे लक्षात ठेवणे, त्या दिवशी मुलाला ताप नसावा याकडे पाहणे, नोंदवही कुठे ठेवली आहे हे माहीत असणे, पुढची तारीख मनात पेरून ठेवणे, हे महिनोन्‌महिने चालणारे काम आहे आणि ते करताना माणूस काहीच करत नाही असे दिसते. ॲलिसन डॅमिंजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घरातल्या या अदृश्य कामाचे टप्पे पाडले : गरज आधी ओळखणे, पर्याय शोधणे, निर्णय घेणे आणि तो पार पडतो आहे ना यावर नजर ठेवणे. त्यांनी ज्या जोडप्यांशी बोलून हे मांडले, त्यांच्यात निर्णयाच्या टप्प्यावर नवरा-बायको बऱ्यापैकी बरोबरीने होते. आधी ओळखणे आणि नंतर नजर ठेवणे हे मात्र मुख्यतः बायकांकडे होते. मी हे वाचले तेव्हा मला आमचे घर दिसले. कोणती शाळा घ्यायची या चर्चेत मी हिरिरीने बोललो होतो. प्रवेशाची शेवटची तारीख मात्र मला ठाऊक नव्हती.

वडिलांनी इथे कमी पडावे याला आळस, सवय, सोय ही सगळी कारणे आहेत आणि मी त्यांची वकिली करणार नाही. पण या टप्प्यावर बापाला बाहेर ठेवण्यात आपल्या कागदांचाही वाटा आहे. शाळेचा निरोप आईच्या क्रमांकावर जातो. लसीकरणाची आठवण आईला येते. पालकांच्या संदेशगटात आईला घेतले जाते. ज्याला निरोपच मिळत नाही तो आधी कसा ओळखणार आणि नजर कशावर ठेवणार? मग तो विचारतो, ‘काय मदत करू?’ आणि ‘मदत’ हा शब्दच सांगून टाकतो की काम दुसऱ्याचे आहे. स्वतःच्या मुलाला सांभाळणाऱ्या बापाला आपण ‘मदत करतो हो’ म्हणून शाबासकी देतो. तेच आईविषयी कुणी म्हणाले तर ऐकणारा चमकेल.

आता खेळाविषयी. वडील म्हणजे धसमुसळा खेळ, मुलाला हवेत उडवणे, कुस्ती, पाठीवर बसवून घोडा होणे, असे चित्र आपल्या पालक-मार्गदर्शिकांत असते आणि ते काही अंशी बरोबरही आहे. पुष्कळ समाजांतल्या निरीक्षणांत ते सापडले आहे आणि अशा खेळातून मूल स्वतःचा जोर आवरायला शिकते असे अभ्यासक मानतात. पण हा बापाचा स्वभावधर्मच आहे असे समजण्याआधी मध्य आफ्रिकेतल्या आका लोकांकडे पाहावे. बॅरी ह्यूलेट या मानववंशशास्त्रज्ञाने ऐंशीच्या दशकात त्यांच्यात राहून नोंदी केल्या. तिथले वडील दिवसाचा जवळजवळ निम्मा वेळ तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन किंवा हाताच्या अंतरावर असतात, रडणाऱ्या बाळाला शांत करतात, आणि दांडगाईचा खेळ मात्र क्वचितच खेळतात. ह्यूलेटचा तर्क असा की ज्याला मूल दिवसभर अंगाशी असते, त्याला थोड्या वेळात मोठा हर्ष उसळवून ओळख पटवण्याची गरज पडत नाही. हा तर्क मला आवडला आणि थोडा लागलाही. संध्याकाळी दारातून आत येताच मुलीला उचलून गरगर फिरवणारा मी नेमके काय भरून काढत होतो, याचा विचार तोवर केला नव्हता.

शरीरही काही सांगते. फिलिपाइन्समधल्या सेबू इथे ली गेटलर आणि सहकाऱ्यांनी ६२४ पुरुषांची २००५ आणि २००९ साली तपासणी केली. दरम्यानच्या काळात जे जोडीदार आणि बाप झाले, त्यांच्यातील टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची पातळी इतरांपेक्षा लक्षणीय घटलेली आढळली, आणि जे रोज तीन तास वा अधिक वेळ मुलांची देखभाल करत त्यांच्यात ती देखभाल न करणाऱ्या वडिलांहून कमी होती. म्हणजे बाप होणे ही फक्त दाखल्यावरची नोंद नसून सांभाळता सांभाळता शरीरात उतरणारी गोष्ट आहे. बाळाला उघड्या छातीशी धरण्याच्या पद्धतीची सुरुवात १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा इथे, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उबेत ठेवणाऱ्या काचपेट्यांच्या टंचाईमुळे झाली. ती आईसाठी होती, पण २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, सिझेरियननंतर वडिलांच्या छातीवर ठेवलेली बाळे पाळण्यात ठेवलेल्या बाळांपेक्षा कमी रडली आणि लवकर शांत झाली असे दिसले. प्रसूतिकक्षाच्या अर्जात ‘बाळाला प्रथम कोणाकडे द्यावे’ हा प्रश्न असेल, तर त्याच्या उत्तरात वडिलांसाठी जागा असायला हवी.

आणि त्याच कक्षातला दुसरा कागद. प्रसूतीनंतर आईला नैराश्य आले आहे का हे तपासणारी प्रश्नावली आता अनेक ठिकाणी दिली जाते, आणि ते फार चांगले झाले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, ४३ अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात बाळंतपणाच्या आगेमागे वडिलांमध्येही नैराश्याचे प्रमाण सुमारे दहा टक्के आढळले, आणि ते आईच्या नैराश्याशी जोडलेलेही दिसले. दोघांपैकी एकालाच विचारले तर घराचे अर्धेच दुखणे कळते. माझ्या मोठ्या मुलाच्या जन्मानंतर तीन महिने मी रात्री जागा राहून भिंतीकडे पाहत असे. परिचारिका घरी आल्या, आईला सगळे प्रश्न विचारले, आणि निघताना मला म्हणाल्या, ‘तुम्ही खंबीर राहा हं.’ त्या भल्या बाई होत्या. त्यांच्या हातातल्या कागदावर माझ्यासाठी एवढेच होते.

वडिलांच्या एका योगदानाची नोंद मात्र घरोघर आवर्जून होते, आणि ते मोडीत निघाले तर बरे. ‘थांब, बाबांना येऊ दे, सांगतेच त्यांना.’ दिवसभराच्या खोड्यांचा निवाडा संध्याकाळवर टाकायचा आणि दारातून आत येणाऱ्या माणसाला न्यायाधीश करायचे. यात बाप भीतीचा धनी होतो, आई अधिकाराविना उरते आणि मूल दाराची कडी वाजली की दचकते. आपल्या काही प्रश्नावल्यांत ‘घरात शिस्त कोण लावते?’ असा प्रश्न असतो आणि उत्तरात ‘वडील’ आले की ती सहभागाची खूण मानली जाते. कृपया तो प्रश्न बदलावा. शिस्त लावणारा आणि दरारा असणारा हे एकच नव्हेत.

कुणी म्हणेल की एका रकान्याने काय फरक पडतो? पालकरजेचा इतिहास पाहावा. स्वीडनने १९७४ साली पालकरजा आई-वडील दोघांसाठी खुली केली. कागदावर समानता होती, पण सुरुवातीला रजेचे जवळजवळ सगळे दिवस आयांनीच घेतले. नॉर्वेने १९९३ साली चार आठवडे फक्त वडिलांसाठी राखले, घेतले नाहीत तर ते बुडणार. त्याआधी शंभरात जेमतेम तीन-चार बाप अशी रजा घेत. नंतर काही वर्षांतच बहुसंख्य घेऊ लागले. स्वीडननेही १९९५ साली एक महिना राखून ठेवला. बाप तेच होते, त्यांच्या मनात रातोरात माया फुटली नव्हती. त्यांच्या नावाची ओळ छापली गेली होती, आणि आता साहेबांना ‘हे माझे आहे’ असे सांगता येत होते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतले अठरावे कलमही मुलाच्या वाढीची जबाबदारी आई-वडील दोघांची सामाईक आहे असेच सांगते. आपले नमुने या कलमाशी ताडून पाहिले, तर किती टिकतील?

दोन आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला असा की वडिलांचे योगदान मोजायला लागलो की त्याचे कौतुकसोहळे सुरू होतील आणि आयांचे दुप्पट काम पुन्हा अंधारात राहील. ही भीती रास्त आहे. म्हणूनच वडिलांसाठी वेगळे, सोपे, गुण मिळवून देणारे प्रश्न नकोत. तेच प्रश्न दोघांना हवेत. डॉक्टरांची पुढची तारीख कोणाच्या लक्षात असते, हा प्रश्न दोन्ही बाजूंना छापला की काही वडिलांची जागा कोरी राहील, आणि ती कोरी जागाही माहितीच आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. काही घरांत वडिलांपासूनच मुलाला आणि आईला धोका असतो, आणि तिथे बापाचा क्रमांक अर्जात सक्तीने मागणे किंवा प्रत्येक निरोप त्याला आपोआप पाठवणे घातक ठरेल. अशा घरांसाठी रकाना रिकामा सोडण्याची, आणि त्याचे कारण न विचारले जाण्याची सोय असलीच पाहिजे. एकट्या आया, एकटे वडील, सावत्र पालक, आजी-आजोबांकडे वाढणारी मुले यांनाही ‘वडिलांचे उत्पन्न’ ही ओळ दरवेळी बोचते. त्यांच्यासाठीही ‘पालक’ आणि ‘दुसरे पालक असल्यास’ अशी मांडणी अधिक माणुसकीची होईल.

सर्वेक्षणे करणाऱ्यांना आणखी एक विनंती. वडिलांविषयी वडिलांनाच विचारावे आणि आईलाही विचारावे, कारण दोघांच्या उत्तरांत अंतर पडते. बाप स्वतःचे तास सढळ हाताने सांगतो आणि आई ते आखडून सांगते. ‘साधारण किती वेळ देता?’ असे विचारण्यापेक्षा एका दिवसाची नोंद भरून घ्यावी आणि त्यात मुख्य कामाबरोबर त्याच वेळी चाललेल्या दुसऱ्या कामाचीही जागा ठेवावी, म्हणजे भांडी घासता घासता पाढे म्हणवून घेणारा बाप आणि तेच करणारी आई दोघेही दिसतील. जो घरापासून दूर राहतो त्याच्यासाठी फोनवर झालेल्या बोलण्याचाही एक रकाना असावा. ज्याने मुलाच्या आईला दोन तास निवांत झोपू दिले, त्याने त्या दोन तासांत मुलाशी काही ‘शैक्षणिक’ केले नसले तरी ते कुठेतरी नोंदले जावे.

या पत्रासोबत मी त्या शाळाप्रवेशाच्या अर्जाचा सुधारित नमुना जोडत आहे. अकरा प्रश्न तेच आहेत, फक्त ते दोन्ही पालकांसाठी आहेत. उत्पन्नाची ओळही दोन्हीकडे आहे. आणि ‘प्रथम कोणाला कळवावे’ हे कुटुंबाने स्वतः क्रम देऊन ठरवायचे आहे. अक्षरांचा आकार तोच ठेवून तो मी घरच्या छपाईयंत्रावर काढून पाहिला. कागदाची मागची बाजू लागली नाही.

कळावे,
आपला नम्र,
दोन मुलांचा एक बाप